बर्फ की अश्रू? न्यू हॅम्पशायरची एक निवडणूक

दर चार वर्षांनी आपल्या वृत्तपत्रांच्या परदेशी पानावर न्यू हॅम्पशायर हे नाव उगवते आणि आठवडाभरात मावळते. राज्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख, म्हणजे जवळपास आपल्या गोव्याएवढी. एवढ्याशा राज्याची जगाला इतकी दखल का, या कुतूहलापोटी मी वाचू लागलो आणि १९७२ च्या एका प्रसंगापाशी अडकलो.

आधी पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा, यासाठीही बहुतेक राज्यांत मतदान होते. हीच प्राथमिक निवडणूक. १९२० पासून न्यू हॅम्पशायरने त्यात पहिला क्रमांक राखला. १९७५ मध्ये तर तसा राज्याचा कायदाच झाला. येथून निवडले जाणारे प्रतिनिधी मूठभर. खरे मोल पहिल्या निकालाच्या बातमीला. १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन येथे पहिले आले, पण युजीन मॅकार्थी यांनी सुमारे ४२ टक्के मते घेतली. जिंकलेले जॉन्सनच अडचणीत आल्याची चर्चा झाली आणि महिनाअखेरीस त्यांनी माघार घेतली.

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात आघाडीवर होते शेजारच्या मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की. मँचेस्टर शहरातून निघणारे ‘युनियन लीडर’ हे राज्यभर वाचले जाणारे दैनिक त्यांच्या विरोधात होते. मालक विल्यम लोब पहिल्या पानावर स्वतःच्या सहीने जहाल अग्रलेख लिहीत. गंमत अशी की, या ‘स्थानिक’ आवाजाचे मालक राहत शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये.

मतदानाला दोन आठवडे उरले असताना लोब यांनी एक पत्र छापले. मस्की यांनी फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या लोकांविषयीच्या अपमानकारक शब्दाला हसून दाद दिली, असा त्यात आरोप होता. कापड गिरण्यांत कामासाठी क्वेबेकमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती मँचेस्टरमध्ये मोठी. घाव नेमका तेथे होता. पाठोपाठ मस्कींच्या पत्नीची हेटाळणी करणारा मजकूरही आला.

२६ फेब्रुवारीला मस्की त्याच वृत्तपत्राच्या कार्यालयासमोर, एका ट्रकवर उभे राहून बोलले. बर्फ पडत होता. पत्नीविषयी बोलताना त्यांचा आवाज अडखळला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डेव्हिड ब्रोडर यांनी लिहिले की, त्यांच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. मस्कींचे म्हणणे, ते वितळलेले बर्फ होते. पण ‘रडणारा उमेदवार’ ही प्रतिमा देशभर गेली होती.

येथवरची कथा अनेकांनी सांगितली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो निकाल. ७ मार्चला मस्की जिंकले! त्यांना सुमारे ४६ टक्के, तर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ३७ टक्के मते मिळाली. विषारी अग्रलेख वाचूनही तेथील मतदारांनी मस्कींना पहिले स्थान दिले. मात्र शेजारच्या राज्यातला माणूस म्हणून त्यांनी निम्मी मते घ्यायलाच हवीत, अशी रेघ आधीच ओढली गेली होती. ही रेघ मतपत्रिकेवर नव्हती. ती बातम्यांत होती. त्यामुळे विजयाची बातमी पराभवासारखी वाचली गेली. पुढच्या राज्यांत मस्की घसरत गेले आणि उमेदवारी मॅकगव्हर्नना मिळाली.

ते पत्र बनावट असल्याचे मानले जाते. निक्सन यांच्या गोटातून चाललेल्या घातपाती प्रचाराशी त्याचा संबंध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘पोस्ट’नेच जोडला. पुढे १९८७ मध्ये ब्रोडर यांनीही त्या वार्तांकनाविषयीची आपली खंत लिहून काढली. तोवर पंधरा वर्षे लोटली होती.

आज ‘युनियन लीडर’चा तो दरारा उरलेला नाही. २०१६ च्या निवडणुकीसाठी त्याने ख्रिस ख्रिस्ती यांना पाठिंबा दिला. ते सहावे आले. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला देऊ केला, तरी न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीलाच मतदान उरकले. मान कोणाचा, हा वाद चालू राहील. मला मात्र निकालाच्या बातमीत ‘धक्का’ किंवा ‘अपेक्षाभंग’ दिसला की आता एक सवय लागली आहे. मी आधी मतांचे आकडे पाहतो, आणि मग ती अपेक्षा कोणाची होती हे शोधतो.