स्पर्शाविना लेखन

ग्रामोफोनची तबकडी व तिच्यावरून फिरणारी सुई यांचा परिचय सुशिक्षित घरांतून आहेच. तेथें सुई खांचेला टेकल्यावांचून सूर निघत नाहीं. संगणकांतील चुंबकीय तबकडीचा, म्हणजे हार्ड डिस्कचा, धर्म नेमका उलट आहे. तिच्या ‘हेड’नें तबकडीच्या शक्य तितकें जवळ जावें, परंतु तिला शिवूं मात्र नये! या यंत्राच्या सुधारणांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या एका अंतराचाच इतिहास होय.

प्रथम यंत्राची घडण पाहिली पाहिजे. गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप असतो. हेड हें एक चिमुकलें विद्युच्चुंबक. त्यांतील प्रवाहाची दिशा बदलली कीं खालच्या लेपांतील कणांचें चुंबकत्व एका किंवा दुसऱ्या बाजूस वळतें. या दोनच खुणांच्या जुळणीनें अक्षर, आंकडा, चित्र, गाणें, सारें कांहीं लिहितां येतें. हेड दूर असेल तर त्याची शक्ति पसरते व खूण मोठी उमटते. बोरू जाड असला म्हणजे पानावर ओळी थोड्या मावतात, तसेंच हें आहे. हेड जवळ आणलें कीं तेवढ्याच जागेंत मजकूर अधिक मावतो.

असें पहिलें यंत्र अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं जाहीर केलें. सॅन होजे येथें तें तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख रेनल्ड जॉन्सन हे पूर्वीं शाळेंत शास्त्र शिकवीत असत. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या मिनिटाला १२०० वेळां फिरत. यंत्राचें वजन टनाहून अधिक. सांठवण मात्र ५० लक्ष अक्षरांची. हेड तबकडीला लागूं नये म्हणून पंपानें हवा सोडावी लागे, आणि अंतर मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाइतकें राही.

पुढील पाऊल म्हणजे हा पंपच काढून टाकणें. तबकडी वेगानें फिरूं लागली म्हणजे तिच्यालगतची हवा तिच्याबरोबर ओढली जाते. हेडाच्या तळास योग्य आकार दिला तर हीच हवा त्याला उचलून धरते. १९६१ सालीं जाहीर झालेल्या यंत्रांत ही युक्ति साधली. प्रत्येक पृष्ठाला स्वतंत्र हेड मिळालें व अंतर सुमारें तृतीयांशावर आलें.

परंतु जवळीक वाढली तसें भयहि वाढलें. या फटीपुढें धुळीचा कण म्हणजे धोंडाच. हेड आपटलें कीं लेप खरवडला जाई व लिहिलेलें कायमचें नष्ट होई. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ यंत्रांत हेड अगदीं हलकें केलें, तबकडीस वंगणाचा हात दिला आणि दोन्ही झांकणबंद पेटींत ठेविलीं. आज हें अंतर केसाच्या जाडीचा दहाहजारावा हिस्सादेखील नाहीं.

पुढें अडचण निराळीच निघाली. कण फारच लहान झाले तर खोलींतील साध्या उष्णतेनेंहि त्यांचें चुंबकत्व उलटतें. लिहिलेलें आपोआप पुसलें जातें. जपानांतील तोहोकु विद्यापीठाचे प्रा. शुनइचि इवासाकी यांनीं सुचविलें कीं, चुंबकत्वाची दिशा आडवी न ठेवतां उभी ठेवावी. तशा तबकड्या २००५ सालीं बाजारांत आल्या. त्यानंतर लोह व प्लॅटिनम यांच्या मिश्रणाचा हट्टी लेप आला. तो सहसा विसरत नाहीं, पण थंड असतां नवें लिहूंहि देत नाहीं! म्हणून हेडांतच लेसर बसवून खुणेपुरती जागा क्षणमात्र ४०० अंशांहून अधिक तापवितात. लिहून होतांच ती निवते. अशा ३० टेराबाइटांच्या, म्हणजे सुमारें ३० लक्ष कोटि रोमन अक्षरांच्या, पेट्या २०२४ सालीं पुढें आल्या. अशी पेटी एका हातांत मावते.

घरगुती संगणकांतून ही तबकडी आतां मागें पडत आहे. तथापि मोठ्या माहिती-कोठारांचा भार अद्याप तिच्यावरच आहे. मुलांचीं छायाचित्रें, कैलासवासी वडिलांचा आवाज, घराचे कागद, हें सर्व त्या अदृश्य फटीच्या भरंवशावर असतें. सत्तर वर्षांत फट लहान झाली, पण भय नाहींसें झालें नाहीं. म्हणून जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर, आणि शक्य तर दुसऱ्या घरीं, अवश्य ठेवावी.