आधी लॉग, मग इलाज

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला सर्व्हर रेंगाळू लागला की पहिली सूचना ठरलेली असते : रॅम वाढवून घ्या. दुसरीही ठरलेली : एकदा बंद करून चालू करा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही ग्रंथालयांचे सर्व्हर मी सांभाळतो. माझा अनुभव असा, की या दोन सूचनांनी दुखणं दबतं, पण जात नाही. ते नेमकं कुठे आहे हे सर्व्हर स्वतः क्षणाक्षणाला लिहून ठेवत असतो. ते लिहिलेलं आधी वाचलं तर हात योग्य जागी पडतो.

ही ग्रंथालयं कोहा या प्रणालीवर चालतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर निकामी ठरणार होतं. म्हणून कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीने १९९९ मध्ये त्यांच्यासाठी नवी प्रणाली लिहिली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि तिचा सगळा कोड जगासाठी खुला करण्यात आला. ती लिहिली आहे पर्ल या भाषेत. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेली ही भाषा मजकुराची चाळणी करण्यात पटाईत. परवान्याचे पैसे नाहीत आणि नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची विचारणा होते, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयालाही कोहा परवडतो. मात्र तो एकदा बसवून दिला की त्याच्याकडे पाहणारं माणूस बहुतेक ठिकाणी नसतं.

दुखण्याची वेळ ओळखीची आहे. जून-जुलैत प्रवेश झाले की नव्या मुलांना संगणक कक्षात बसवून ग्रंथसूची कशी शोधायची ते शिकवतात. चाळीसेक मुलं एकाच मिनिटाला शोधाची कळ दाबतात आणि तिकडे देवघेवीच्या टेबलावरचं काम थांबतं. बारकोड वाचला जातो, पण पान उमटत नाही. रांग वाढते. ग्रंथालयातले आप्पा सांगतात, "दादा, आज मशीन भलतं जड चाली ऱ्हायनं."

अशा वेळी मी आधी व्हीएमस्टॅट ही आज्ञा लावतो. त्यात एसआय आणि एसओ असे दोन रकाने असतात. मेमरी पुरत नाही म्हणून मजकूर डिस्कवर किती ढकलला जातोय आणि तिथून किती परत आणला जातोय, हे ते दाखवतात. दोन्हींत सतत आकडे पळत असतील तर प्रोसेसर काम करत नसून डिस्कची वाट पाहत बसला आहे.

मग अपाची या वेब सर्व्हरची मांडणी पाहायची. एका वेळी किती विनंत्या हाती घ्यायच्या याची मर्यादा डेबियन लिनक्समध्ये सहसा १५० ठेवलेली मिळते. कोहा जुन्या सीजीआय पद्धतीने चालत असेल तर प्रत्येक विनंतीला पर्लची नवी प्रक्रिया जन्मते. एका प्रक्रियेला सव्वाशे एमबी धरले तर दीडशेंना अठरा जीबीहून जास्त लागतील, आणि यंत्रात आहेत चार जीबी. त्यातला काही हिस्सा मारियाडीबी हा डेटाबेस आणि झेब्रा हे शोधाचं इंजिन आधीच घेऊन बसलेले. उरलेल्या अडीच जीबीत वीसच प्रक्रिया मावतात. म्हणून मर्यादा वीसवर आणायची. एकविसावा विद्यार्थी क्षणभर थांबतो, पण पुढचे वीस जण सुरळीत जातात. जोडीला कीप-अलाइव्हची मुदत पाच सेकंदांवरून दोनवर आणायची, म्हणजे पान वाचत बसलेला ब्राउझर जागा अडवून ठेवत नाही.

यात एक रुपयाही खर्च नाही. तरी हा तात्पुरता आधार आहे, कारण मूळ अडचण सीजीआयच्या पद्धतीतच आहे. विनंती आली की पर्ल सुरू होतो, कोहाचे ढीगभर मोड्यूल डिस्कवरून वाचतो, ते संकलित करतो, डेटाबेसशी जोडणी करतो, एक पान तयार करतो आणि संपून जातो. पुढच्या विनंतीला पुन्हा पहिल्यापासून. एकेका भाकरीसाठी नवी चूल मांडावी तसं हे आहे. बराचसा वेळ पान तयार करण्यात न जाता तयारीतच जातो.

यावरचा इलाज प्लॅक. जपानी प्रोग्रामर तात्सुहिको मियागावा यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. यात पर्ल एकदाच सुरू होतो, मोड्यूल एकदाच संकलित होतात आणि स्टारमन नावाचा सर्व्हर काही कामकरी प्रक्रिया तयार ठेवतो. विनंती आली की त्यातली मोकळी प्रक्रिया ती उचलते. कोहाच्या डेबियन पॅकेजमध्ये अशा दोन प्रक्रिया ठरवून दिलेल्या असतात आणि पन्नास विनंत्या झाल्या की प्रत्येक प्रक्रिया निवृत्त होऊन तिच्या जागी नवी येते. निवृत्ती गरजेची आहे, कारण पर्लने एकदा घेतलेली मेमरी तो सहसा परत देत नाही. चार गाभ्यांच्या यंत्रावर दोनच्या चार प्रक्रिया केल्या तर फरक लगेच जाणवतो. मात्र वाढवण्याआधी एका प्रक्रियेचं वजन पाहून गुणाकार करायचा. नाहीतर पुन्हा त्या दोन रकान्यांत आकडे पळू लागतात.

फरक जाणवला हे पुरेसं नसतं, तो मोजावा लागतो. अपाचीच्या लॉगच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि मोठा डी घातला की प्रत्येक विनंतीला किती मायक्रोसेकंद लागले ते ओळीच्या टोकाला येतं. दहा लाख मायक्रोसेकंदांचा एक सेकंद. म्हणजे सात आकडी संख्या दिसली की ते पान एका सेकंदाच्या पुढे गेलं. लॉग या संख्येप्रमाणे लावला की सगळ्यात हळू पानं वर येतात, आणि ती मोजकीच असतात : अमुक एक अहवाल, तमुक एक शोध. त्यांच्यामागे अनेकदा डेटाबेस असतो. मारियाडीबीच्या बफर पूलला मुळात १२८ एमबी दिलेले असतात, ते वाढवायचे. महिनोन् महिने साठलेल्या सेशनच्या नोंदी झाडणारं काम क्रॉनमध्ये लावायचं. एखादं पान तरीही हटून बसलं तर एनवायटीप्रॉफ काढायचं. मुळात न्यूयॉर्क टाइम्समध्ये तयार झालेलं हे साधन पर्लच्या कोणत्या ओळीवर किती वेळ गेला ते सांगतं.

एकदा लॉगने मला कोडपासून लांब नेलं. एका ग्रंथालयात सकाळी सगळं चपळ आणि दुपारनंतर सगळंच मंद, अशी तक्रार होती. तासवार आकडे काढले तर दुपारी विनंत्या सकाळपेक्षा कमी होत्या, तरी प्रत्येकीला वेळ जास्त लागत होता. गर्दी नसताना कोड मंदावत नाही. महिना मे होता. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सर्व्हर बंद खोलीत कपाटामागे होता. लिनक्सच्या लॉगमध्ये प्रोसेसरने उष्णतेमुळे वेग कमी केल्याच्या नोंदी ओळीने मिळाल्या. धूळ काढली, खोलीत हवा खेळती केली आणि दुपारचे आकडे सकाळसारखे झाले. त्या दिवशी रॅम वाढवली असती तर पैसे जाऊन तक्रार तशीच राहिली असती.

विजेचा खेळ वेगळा. अचानक वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असेल तर डेटाबेस बहुधा सावरतो, पण झेब्राची शोधसूची मधेच तुटू शकते. लक्षण ओळखू येतं : दाखल अंक टाकला तर पुस्तक उघडतं, नावाने शोधलं तर सापडत नाही. म्हणजे नोंद शाबूत आहे, फक्त सूची पुन्हा बांधायला हवी. कधी मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असते. सर्व्हर उठतो तो कित्येक वर्षं मागच्या तारखेवर, आणि परतीच्या तारखा नि दंड दोन्ही चुकतात. अशा सकाळी कोहात काही शोधण्याआधी घड्याळ पाहावं.

पाचशे क्रमांकाची चूक मात्र नवख्याला घाबरवते. अपाची एवढंच सांगतो, की शीर्षओळी मिळण्याआधीच स्क्रिप्ट संपली. खरं कारण त्याच्या आसपास किंवा कोहाच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतं. एका महाविद्यालयात हजेरीच्या अहवालाची छोटी पर्ल स्क्रिप्ट अचानक बंद पडली. फाइल जागेवर, परवानग्या ठीक, तरी लिनक्स म्हणत होता की अशी फाइलच नाही. कोणीतरी ती विंडोजवर उघडून, बदल करून परत ठेवली होती. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजच्या पद्धतीचं एक अदृश्य चिन्ह चिकटलेलं होतं. पहिल्या ओळीत पर्लचा पत्ता असतो. त्या पत्त्याच्या शेवटीही ते चिन्ह लागल्याने लिनक्स भलत्याच नावाचा पर्ल शोधत होता. चिन्हं काढली आणि अहवाल चालू झाला.

या सगळ्याहून जास्त जीव मी जिथे ओततो तो भाग म्हणजे मराठीतला शोध. आचार्य अत्र्यांनी १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी प्रस्तावनेसह मराठी वाचकांपुढे आणली, त्यामुळे जळगावकराला अत्रे परके नाहीत. त्यांचं 'कऱ्हेचे पाणी' ग्रंथालयात असतं. विद्यार्थ्याने नाव बरोबर टाकलं, तरी उत्तर शून्य. मी नोंदीतला आणि शोधातला, असे दोन्ही मजकूर एकेका संकेतांकापर्यंत उलगडून पाहिले. पडद्यावर 'ऱ्हे' सारखाच दिसत होता, आत दोन वेगळ्या जुळण्या होत्या. एकीत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह. दुसरीत साधा र, हलन्त, मधे शून्य रुंदीचा जोडक आणि मग ह. युनिकोडमध्ये दोन्हींना मान्यता आहे. कोणत्या कळफलकाने कोणती जुळणी उमटते, हे टंकणाऱ्याला कळतही नाही. अहिराणीत तर 'ऱ्हा' पावलोपावली येतो. म्हणजे खानदेशातल्या ग्रंथालयात खानदेशची भाषाच शोधातून निसटण्याचा धोका सर्वांत जास्त.

झेब्राची मूळ अक्षरतालिका लॅटिन लिपीसाठी आहे. देवनागरीसाठी आयसीयू ही पद्धत चालू करावी लागते. तिच्या नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, की र, हलन्त आणि जोडक दिसला तर तो नुक्त्याचा ऱ समजा. हा नियम सूची बांधताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा लागतो. त्यामुळे ग्रंथपालांनी मेहनतीने केलेल्या मूळ नोंदींना हात लावावा लागत नाही.

त्याच फाइलमध्ये दुसऱ्या एका महाविद्यालयात उलटा प्रकार मिळाला. युरोपीय भाषांतली स्वराघातांची चिन्हं दुर्लक्षित व्हावीत म्हणून, अक्षराला चिकटून स्वतंत्र जागा न घेणारी सगळी चिन्हं गाळण्याचा नियम तिथे लागू होता. फ्रेंचला तो सोयीचा. देवनागरीत मात्र उकार, एकमात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात. त्यामुळे 'मूळ', 'मेळ' आणि 'मळ' हे तिन्ही शब्द सूचीत 'मळ' होऊन बसले होते. विद्यार्थ्याला एका पुस्तकाऐवजी भलत्याच पुस्तकांची यादी मिळायची आणि तो मराठीत शोधणंच सोडून द्यायचा. तो नियम फक्त लॅटिन लिपीपुरता केला, सूची पुन्हा बांधली आणि शब्द आपापल्या जागी परतले.

अलीकडे एक नवा भार आला आहे. जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींवर मजकूर गोळा करणारे यांत्रिक पाहुणे तुटून पडतात, आणि सूची इंटरनेटवर खुली असेल तर तालुक्याचं महाविद्यालयही त्यातून सुटत नाही. लेखक, विषय, वर्ष अशा गाळण्यांची प्रत्येक जुळणी ते उघडून पाहतात. रात्री तीनलाही सर्व्हर दमलेला असेल तर या पाहुण्यांच्या पत्त्यांची यादी लॉगमध्येच मिळते. रोबोट्स फाइलमधली मनाई ते पाळतातच असं नाही, तेव्हा एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा घालावी लागते.

या कामाला मी दोन शिस्ती लावून घेतल्या आहेत. एका वेळी एकच बदल करायचा आणि आधीचा नि नंतरचा आकडा लिहायचा. आणि सर्व्हरजवळ एक साधी नोंदवही ठेवायची : तारीख, काय बदललं, का बदललं. माझ्यानंतर जो येईल त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये.

तो येणारा इथलाच असावा अशी माझी इच्छा आहे. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं आणि आज बहिणाबाईंच्या नावाने जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांना सांभाळतं. या जिल्ह्यांत बीसीए आणि संगणकशास्त्र शिकणारी मुलं आहेत, आणि त्यांच्याच महाविद्यालयात एक खरा, चालता, कधीमधी अडणारा सर्व्हर आहे. पर्ल आता जुनी भाषा समजली जाते. पण चूक झाली की लॉग फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक सांगतो, ती ओळ खुली आहे आणि चोपड्याची किंवा साक्रीची विद्यार्थिनी ती उघडून वाचू शकते. एका सत्रात दर आठवड्याला एक तास मुलांना ग्रंथालयाच्या सर्व्हरचा लॉग वाचायला बसवावं. त्यातून दोन-तीन जरी तयार झाली, तरी पुढच्या जुलैत देवघेवीची रांग अडणार नाही आणि 'कऱ्हेचे पाणी' मागणाऱ्याला ते पुस्तक मिळेल.