इंकांची वाणी अजून जिवंत आहे

१५३२ नंतर स्पॅनिश आक्रमणापुढे इंका साम्राज्य कोसळले, एवढे आपण शाळेत वाचतो आणि पुस्तक मिटतो. परंतु त्या साम्राज्याची केचुआ भाषा लयाला गेली नाही. १७८१ मध्ये दुसऱ्या तुपाक आमारूचे बंड चिरडल्यावर स्पॅनिश सत्तेने इंकांचा वेष, नाटके व भाषाही दडपण्याचे हुकूम काढले. स्वतंत्र पेरूतही शाळा-कचेऱ्यांत केचुआला थारा नव्हता. ती टिकली डोंगरातल्या चुलीपाशी, शेतात आणि बाजारात.

१९४४ साली कुस्को येथे 'इन्ती राय्मी' हा सूर्योत्सव पुन्हा सुरू झाला. १९७५ मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. १५५१ साली स्थापन झालेल्या लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठात रोक्साना किस्पे कोयांतेस यांनी २०१९ मध्ये केचुआतून प्रबंध लिहिला व मौखिक परीक्षाही केचुआतूनच दिली.

तरीही शहरात स्थायिक झालेली अनेक कुटुंबे मुलांशी स्पॅनिशच बोलतात. कायद्याने भाषेला मान मिळतो. ती मुलांच्या तोंडी ठेवण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आम्हांस ही चिंता परकी वाटत नाही.