थांबले की पोटरीचे दुखणेही थांबते? मग ‘वात’ म्हणून सोडू नका

वाशीम : सोयाबीनच्या शेताकडे निघाले की ठरावीक अंतरावर पोटरी आवळते. बांधावर दोन-चार मिनिटे थांबले की बरे वाटते, चालू लागले की पुन्हा तेच. ‘वय झाले’, ‘वात आहे’ म्हणून हे दुखणे अंगावर काढले जाते. मात्र ही पायाची धमनी अरुंद झाल्याची खूण असू शकते.

असे का होते?
धमनीत चरबीचे थर साचतात. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते. ते पोहोचत नाही आणि कळ येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, बिडी-सिगारेटमुळे धोका वाढतो. खर्र्यातील निकोटीनही रक्तवाहिन्या आकसवते.

कसे कळते?
दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतात. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी असेल, तर रक्तपुरवठा कमी आहे असे समजतात. सुई टोचावी लागत नाही.

काय करावे?
• तंबाखू पूर्ण बंद करा.
• तिशीनंतर आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब, साखर मोफत तपासून घ्या.
• डॉक्टरांना विचारून दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला.
• बधिर पायाला शेक देऊ नका. भाजलेले कळत नाही.

कधी थांबू नये?
पायाची जखम भरत नसेल, तर लगेच दाखवा. पाय अचानक थंड, फिकट आणि बधिर पडला, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करा. काही तासांच्या उशिरानेही पाय गमवावा लागू शकतो.