घोरणं आणि श्वास

रुळांलगतच्या एका खोलीत दहा-बाराजण चटईवर बसलेत. मुंबईतल्या या केंद्रात गर्दची नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया मिळतात, जखमांवर पट्टी होते, आंघोळ करता येते. आज शिकवणारे काका स्वतः कित्येक वर्षं सुई घ्यायचे. कोपराच्या खोबणीत जुन्या गळवांचे वण दिसतात.

"झोपलेला कोण आणि ओडी, म्हणजे ओव्हरडोस, झालेला कोण, कसं ओळखणार?"

टोकाला बसलेला पोरगा बोलत नाही, आवाज काढून दाखवतो. खोल घरघर, मध्येच तुटणारी. तुटल्यावर तो दम रोखून धरतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो आवाज इथे कुणालाच नवा नाही.

"ओठ?"

"काळपट. आपल्या रंगाला निळे दिसत नाहीत, आतून बघायचे."

"बाहुली?"

"टाचणीच्या टोकाएवढी."

काका मूठ आवळून पोराच्या छातीच्या मधल्या हाडावर पेरं रगडतात. तो कळवळून शिवी हासडतो. "शिवी आली ना? मग जागा आहे. नाही आली, तर एक मिनिट घालवायचं नाही."

कुणीतरी मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन सुचवतं, दुसरा तोंडावर बर्फाचं पाणी. काका रागावत नाहीत; त्यांनीही हे करून बघितलंय, काही उपयोग झाला नाही. गर्दमुळे मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं, ते सांगतात. आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर. म्हणून आधी श्वास द्यायचा. पोरगा उताणा झोपतो. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, दर पाच सेकंदांनी एक फुंकर. "छाती वर येतेय का बघ," काका पुन्हापुन्हा बजावतात. मग त्याला कुशीवर वळवून वरचा गुडघा दुमडतात, उलटी झाली तर घशात अडकू नये म्हणून.

नर्सताई कपाटातून नॅलोक्झोनची, म्हणजे गर्दचा असर तोडणाऱ्या औषधाची, काचेची कुपी आणतात. आत 0.4 मिलिग्रॅम औषध. मांडीच्या नाहीतर दंडाच्या स्नायूत द्यायचं, घाईत कपड्यावरूनही चालतं. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही, पण सोबत गर्द असेल तर द्यायचंच.

"उठला की टर्की लागते, नशा तुटून अंग मोडून येतं, पुन्हा माल मागतो," एकजण म्हणतो.

"देऊ नका आणि सोडून जाऊ नका. या औषधाचा जोर अर्ध्या ते दीड तासात उतरतो. गर्द अंगात उरली असेल तर तो परत बुडतो."

भिंतीला टेकलेला माणूस एवढा वेळ गप्प आहे. त्याचा जोडीदार तुरुंगातून सुटला त्या रात्रीच गेला. आत सवय मोडलेली, बाहेर आल्यावर माप जुनंच घेतलं. तो हे खाली मान घालून सांगतो, आणि काका त्याला मध्येच थांबवत नाहीत.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच आहे, आणि ती खोटी नाही. आपल्या कायद्यात नशा करणं हाही गुन्हा आहे. काका म्हणतात, 108 ला "माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही" एवढं आणि जागा सांगा. डॉक्टर आले की काय घेतलं ते मात्र खरं सांगा.

शिकागोत 1996 पासून नॅलोक्झोन नशा करणाऱ्यांच्याच हाती दिलं जातंय. ओडीच्या वेळी जे जवळ असू शकतात त्यांना ते मिळावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये सांगितलं. आपल्याकडे अजून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. माणूस गुदमरतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो, ही चटईवरची माणसं असतात. कुपी त्यांच्या खिशात असायला हवी, असं मला इथे बसून अगदी स्पष्ट दिसतं.

"ताई, एक मला द्या ना," पोरगा म्हणतो.

"मला देता येत नाही रे."

"मग रात्री कपाटाची चावी कुणाकडे असते?"

ताई स्वतःचा नंबर सांगू लागतात. फोन तिघांकडेच आहेत. बाकीचे तो मोठ्याने घोकतात.