पाइनच्या अरण्यातील लाकूडतोडे

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या चर्चच्या छपराची एक जुनी तुळई बदलावी लागली. ती खाली उतरविल्यावर म्हातारा सुतार तिच्यावरून हात फिरवीत म्हणाला, "फादर, हे झाड पाडताना कोणाचे काय झाले असेल, देवच जाणे!" मला उत्तर देता आले नाही. मात्र दूरच्या एका देशातील लाकूडतोड्यांची वाचलेली हकीकत आठवली. तीच आज वाचकांस सांगतो.

अमेरिकेच्या उत्तरेस महासरोवरांच्या काठी विस्कॉन्सिन हे राज्य आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे पांढऱ्या पाइन वृक्षांचे अफाट अरण्य होते. लाकूड सरळ, हलके व पाण्यावर तरंगणारे असल्याने शहरांतील घरांसाठी त्याला मोठी मागणी असे. तोड चाले ती हिवाळ्यात. आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, जर्मन, नॉर्वेजियन असे मजूर, ज्यांत कॅथोलिक पुष्कळ होते, बर्फात बांधलेल्या छावण्यांतून महिनेच्या महिने राहत. पहाटे चारच्या सुमारास उठावयाचे, घेवड्याची उसळ व खारवलेले डुकराचे मांस खावयाचे आणि उजाडताच रानात कामास लागावयाचे. जेवताना बोलण्यास बंदी असे. (आमच्या सेमिनरीतही भोजनसमयी मौन असे, पण तेथे निदान कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी!)

झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस कुऱ्हाडीने खाच घेत व मागून दोघे जण लांब करवत चालवीत. करवतीचा वापर १८७० नंतर वाढला. त्यापूर्वी सारे काम कुऱ्हाडीचेच. लाकूड आतून किडलेले वा पिळलेले असले की बुंधा उभा चिरे आणि मागे उसळून माणसास चिरडी. कधी मोडलेली फांदी शेंड्यात अडकून राही व वारा आला की आवाज न करता खाली येई. अशा फांदीला ते लोक 'विधवा करणारी' म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फार पाहिले असले पाहिजे.

ओंडके वाहून नेण्यासाठी वाटेवर रात्री पाणी शिंपडून तिचा गुळगुळीत बर्फ करीत. घसरगाडीवर ओंडक्यांचा डोंगर रचून घोडे तो ओढीत. उतारावर गाडी आवरावी म्हणून वाटेत गवत किंवा गरम वाळू टाकावी लागे. तेवढ्यात चूक झाली की घोडे आणि हाकणारा दोघेही त्या ओझ्याखाली जात.

परंतु सर्वांत भयंकर काम वसंतातले. बर्फ वितळून नद्या फुगल्या की ओंडके प्रवाहात सोडीत. खिळ्यांचे जोडे घातलेली माणसे त्या फिरत्या ओंडक्यांवर उभी राहून त्यांना पुढे ढकलीत. मेन राज्यातील जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५८ च्या सुमारास या कामासाठी आकडा लावलेला दांडा बनविला. आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. ओंडके खडकाशी अडकले की मागचे त्यांवर चढत आणि नदीत भिंत उभी राही. मग कोणीतरी पुढे जाऊन कळीचा ओंडका सोडवावयाचा, आणि भिंत कोसळण्याआधी काठ गाठावयाचा. साऱ्यांनाच तो गाठता येत नसे. १८८६ साली सेंट क्रॉय नदीत टेलर्स फॉल्सजवळ सुमारे १५ कोटी बोर्ड फूट लाकूड अडकले (एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). ते मोकळे करण्यास सुरुंग लावावे लागले व आठवडेच्या आठवडे गेले.

मेलेल्याच्या कुटुंबास बहुधा काहीच मिळत नसे. 'धोका जाणूनच काम पत्करले' असे न्यायालये म्हणत. विस्कॉन्सिनने नुकसानभरपाईचा कायदा केला तो १९११ साली, तोवर मोठी पाइन झाडे बहुतेक संपली होती. यंत्रे आली तरी धोका गेलेला नाही. २०२२ सालच्या अमेरिकन सरकारी आकड्यांप्रमाणे दर लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे १०० जण कामावर मरण पावले. सर्व धंद्यांची सरासरी ४ हूनही कमी होती.

धोका केवळ तोडणाऱ्यापुरता नव्हता. तोडीनंतर शेंडे व फांद्या रानातच वाळत पडत. १८७१ च्या उन्हाळ्यात तेथे पाऊस फारच थोडा पडला. शेतकऱ्यांनी व रेल्वेच्या मजुरांनी जमीन मोकळी करण्यासाठी लावलेल्या आगी धुमसत राहिल्या. रविवार, ८ ऑक्टोबरच्या रात्री वादळी वारा सुटला आणि पेश्टिगो हे लाकडाच्या गिरणीचे गाव तासाभरात जळाले. आसपासच्या मुलखासह १,२०० ते २,५०० माणसे मेली. नेमकी संख्या कळत नाही, कारण नोंदवह्याही जळाल्या. शिकागोची प्रसिद्ध आग त्याच रात्रीची. तेथे सुमारे ३०० मेले, पण नाव तिचेच झाले.

तेथील धर्मगुरू फ्रान्समध्ये जन्मलेले फादर पीटर पर्निन होते. पवित्र साक्रामेंताची पेटिका हातगाडीवर ठेवून ती वाऱ्याधुळीतून ओढीत त्यांनी नदी गाठली. पुलावर दोन्ही तीरांचे लोक एकमेकांवर आदळत होते. ह्या तीरावरच्यांना वाटे त्या तीरावर आग नाही, त्या तीरावरच्यांना वाटे ह्या. काठावर गोठल्यासारखे उभे असलेल्यांना फादरांनी पाण्यात ढकलले. गळ्यापर्यंत बुडून, डोक्यांवर पाणी मारीत, ते लोक पाच तासांवर नदीत राहिले. पाणी गार, वर हवा पेटलेली. फादरांनी गाडी पाण्यात लोटली होती. ती पेटिकेसह त्यांच्या दृष्टीआड झाली.

पुढे १८७४ साली चर्च पुन्हा उभारण्यास पैसा मिळावा म्हणून त्यांनी ही हकीकत छापली. त्यात ते सांगतात की काही दिवसांनी एका माणसाने त्यांना नदीवर बोलावले. सभोवती सारे काळेठिक्कर झाले होते, आणि पेटिका पांढरीशुभ्र, पाण्यातील एका ओंडक्यावर टेकलेली होती.