मांजराची कुल्फी

नागपूरचा उन्हाळा माणसालाच सोसवत नाही, तेथे मुक्या जनावराची काय कथा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की आपण कूलरसमोर बसतो, माठातले पाणी पितो, संध्याकाळी कुल्फी खातो. घरातले मांजर मात्र मोरीच्या ओल्या फरशीवर अंग ताणून पडून असते. त्यालाही काही थंड द्यावे असे कोणालाही वाटेल. परंतु काय द्यावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आपली कुल्फी मांजराच्या कामाची नाही, कारण त्याला गोड चवच कळत नाही! गोड चव ओळखण्यासाठी दोन जनुके लागतात. त्यांपैकी एक मांजरात निकामी झालेले आहे, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. वाघ आणि चित्ता यांचीही तीच गत. तेव्हा आइस्क्रीमच्या वाटीभोवती मांजर घोटाळते ते साखरेसाठी नव्हे. शिवाय वाढ झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. जुलाब झाले की अंगातले पाणी जाते, म्हणजे थंडावा राहिला बाजूलाच. (मांजर आणि दूध यांची आपल्या गोष्टींनी घातलेली गाठ सोडवणे मात्र कठीण आहे. आमच्या आजीने तर माझे म्हणणे हसण्यावारी नेले.)

माझ्या मते खरी अडचण थंडाव्याची नसून पाण्याची आहे. पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. उंदराच्या अंगातच सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे त्यांची तहान बरीचशी शिकारीतूनच भागे. तीच सवय आजही टिकून आहे. मांजर पाणी बेताने पिते आणि त्याची लघवी अतिशय घट्ट असते. त्यातून आता पुष्कळ घरी विकतचे कोरडे दाणे घालतात. आमच्या शेजारच्या बोक्याची गेल्या उन्हाळ्यात लघवी अडली. दहादा मातीत जाऊन बसे, कण्हत असे, पण थेंब येत नसे. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद. तीत खडा किंवा गाळ अडकला की दोन-तीन दिवसांत जीवही जातो. डॉक्टरांनी नळी घालून त्याला वाचविले, आणि पोटात पाणी जास्त जाईल असे पाहा, म्हणून बजावले. बर्फाचा उद्योग आम्ही सुरू केला तो तेव्हापासून.

कृती अगदी साधी. कोंबडीचे दोन-तीन तुकडे भांडेभर पाण्यात अर्धा तास उकळावेत. मीठ, मसाला काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. पाणी गाळून घ्यावे, गार झाल्यावर वर साचलेली चरबी काढून टाकावी. शिजलेली हाडे अणकुचीदार फुटतात, म्हणून ती मांजराच्या वाटेला जाऊ देऊ नयेत. ट्रेच्या प्रत्येक खणात मांसाचे दोन धागे टाकून त्यावर हे पाणी अर्ध्या खणापर्यंतच ओतावे. मांजराला खडा लहानच बरा. मासळीचेही असेच करता येते, फक्त काटे नीट वेचावेत. ट्रे मात्र झाकणाचा आणि वेगळा हवा. सरबताच्या पेल्यात कोंबडीचा वास आला तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत, हे आमच्या आईचे मत मला मान्य आहे.

खडा फ्रीझरमधून काढताच देऊ नये. अगदी गार पदार्थाला वास थोडा, आणि मांजर वासावरच जेवते. बशीत पाच मिनिटे ठेवून कडा सुटू लागल्या की द्यावा. आमची मनी आधी त्याला पंजाने टिचक्या मारीत कपाटाखाली लोटते आणि मग तेथे झालेले थारोळे चाटून पुसून टाकते. हरकत नाही, पाणी पोटात गेल्याशी कारण! दिवसाला असे एक-दोन खडे पुरेत. जेवण आणि पाण्याची वाटी नेहमीसारखी ठेवायचीच.

एक मात्र लक्षात ठेवावे. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो उष्माघात असू शकतो. तेथे हे खडे उपयोगाचे नाहीत. त्याला सावलीत आणून साध्या पाण्याने अंग आणि पंजे भिजवावेत, पंख्याखाली धरावे आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.